नामदेवांच्या चित्राभोवती मजकूर कसा बसवावा?

प्रश्न : आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका यंदा मी स्वतः फोटोशॉपमध्ये करतो आहे. हातात वीणा घेतलेलं संत नामदेव महाराजांचं उभं चित्र आहे. त्याच्या कडेकडेने वळत जाणाऱ्या ओळींत महाराजांचं थोडक्यात चरित्र आणि दोन अभंग बसवायचे आहेत. पण मजकूर सरळ चित्रावरून जातो. एंटर मारून ओळी तोडल्या, तर नंतर एक शब्द बदलला की सगळं पुन्हा विस्कटतं. शिवाय जोडाक्षरं फुटतात. यावर उपाय काय?
— एक वाचक, हिंगोली तालुका

उत्तर : तुमच्याच तालुक्यात कयाधूकाठी असलेलं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. म्हणजे ही पत्रिका त्यांच्या अंगणातली, आणि ती नेटकी व्हावी ही तुमची धडपड अगदी योग्य आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘चित्राभोवती मजकूर वळव’ असं सांगणारं बटण फोटोशॉपमध्ये शोधत बसू नका, ते तिथे नाही. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी केलेलं हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आलं ते फोटोंवर काम करण्यासाठी. त्यात टाकलेली अक्षरंसुद्धा तेव्हा फोटोसारखीच ठिपक्यांची होत. पान लावण्याचं काम १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरकडे होतं. चित्राला वळसा घालून मजकूर नेणं हे पान लावणाऱ्याचं काम, म्हणून ती सोय पेजमेकरमध्ये होती आणि पुढे १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाइनमध्येही राहिली. फोटोशॉपमध्ये मात्र बंदिस्त आकाराच्या आत मजकूर ओतता येतो. तुमचं काम त्यावर भागतं.

चित्राची बाह्यरेषा आखायची नाही, मजकुराला मिळणाऱ्या जागेची आखायची, एवढं आधी लक्षात घ्या. पेन टूल घ्या आणि वरच्या पट्टीत ‘शेप’ऐवजी ‘पाथ’ निवडा. मजकुराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर पहिला बिंदू द्या. डाव्या समासाने सरळ खाली या, तळाशी उजवीकडे चित्रापर्यंत जा आणि मग चित्राच्या कडेने, थोडं अंतर ठेवून, वर चढा : धोतराचा घोळ, कंबर, कोपर, खांदा, पगडी. वर पोचल्यावर पहिल्या बिंदूवर क्लिक करून आकार बंद करा. आता टाइप टूल घेऊन कर्सर त्या आकाराच्या आत न्या. कर्सरभोवती तुटक रेषेचं गोल कडं दिसलं की क्लिक करा आणि मजकूर पेस्ट करा. कर्सर रेषेच्या अगदी जवळ असेल तर त्यावर नागमोडी रेघ दिसते. तेव्हा क्लिक केलंत तर अक्षरं त्या रेषेवरून मुंग्यांच्या रांगेसारखी चालू लागतात. तसं झालं तर अनडू करून पुन्हा आत या.

शब्द बदलला की सगळं विस्कटण्याचा त्रास इथे संपतो, कारण ओळी तुम्ही तोडलेल्या नाहीत, आकाराने तोडल्या आहेत. मजकूर वाढला तर तो आपोआप पुढे सरकतो. न मावला तर चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात अधिकची खूण दिसते. ती खूण असताना फाइल छपाईला देऊ नका, शेवटच्या ओळी दडलेल्या असतात. वळण कुठे चुकलं असेल तर डायरेक्ट सिलेक्शन टूलने, म्हणजे पांढऱ्या बाणाने, तेवढा बिंदू ओढा. मजकूर लगेच नव्याने बसतो.

पेनने आखताना चित्राच्या प्रत्येक खाचेत शिरू नका. पगडीची घडी, वीणेची खुंटी, उपरण्याचं टोक या सगळ्यांना वळसा घातला तर उजवी कड करवतीसारखी होते आणि चित्राचा आकार उलट हरवतो. संपूर्ण उभ्या आकृतीला दहा-पंधरा बिंदू पुरतात. हात आणि धड यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली तरी तिथे अक्षरं घुसवू नका. एकटा पडलेला शब्द तिथे चुकून राहिल्यासारखा दिसतो.

मराठीत चित्र आणि मजकूर यांच्यामध्ये जास्त जागा लागते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार लटकतात. शिरोरेषा प्रत्येक ओळीच्या टोकाला ठळक आडवा काप देते, त्यामुळे ओळ कुठे संपली ते डोळ्यांना फार स्पष्ट दिसतं. एफोर आकाराच्या पत्रिकेत बारा पॉइंटचं अक्षर असेल तर चित्रापासून निदान चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवा, आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट धरा.

ओळी चित्राला बिलगलेल्या दिसाव्यात म्हणून दोन्ही कडा भरणारं जस्टिफाय वापरावं लागेल. त्यात एक धोका आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, म्हणून आपले शब्द लांबतात. अरुंद ओळीत ‘पंढरपूरपासून’ आणि ‘वारकऱ्यांबरोबर’ असे दोनच शब्द मावले तर त्यांच्यामध्ये खिंडार पडतं. ते बुजवायला अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा. रोमन अक्षरं सुटी असतात, ती थोडी लांब गेली तरी चालतं. देवनागरीत अंतर वाढलं की बहुतेक फाँटमध्ये शिरोरेषाच तुटते आणि शब्द भेगाळलेला दिसतो. अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवा. सर्वांत अरुंद जागीही निदान चार शब्द मावतील एवढी रुंदी ठेवा. मावत नसतील तर चित्र लहान करा किंवा मजकूर कापा.

जोडाक्षरं फुटण्याचं कारण वेगळं आहे. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जुन्या आवृत्त्यांत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ आणि त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असा पर्याय असतो. तो दिसला तर निवडून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा, मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर घ्या. त्यानंतर ‘विठ्ठल’, ‘नर्सी’, ‘कीर्तन’, ‘ज्ञानेश्वर’ एवढे चार शब्द लिहून बघा. ठ्ठ जुळला, रफार जागेवर बसला आणि ज्ञ अखंड राहिला तर बाकीचा मजकूर निर्धास्त पेस्ट करा. मजकूर श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर येणारा र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ पडद्यावर वाचण्यासाठी चांगला आहे, छापील पत्रिकेला मात्र मी तो सुचवणार नाही. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. दोन्ही मोफत मिळतात. टिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि सप्ताहाच्या पत्रिकेवर विठ्ठलाचा ल आपल्या वळणाचा असावा असं मला मनापासून वाटतं.

चित्र कोणत्या बाजूला ठेवायचं? माझं उत्तर ठाम आहे : उजव्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. ओळ संपली की नजर डाव्या समासाकडे परत येते आणि तिथे तिला सरळ कड हवी असते. चित्र डावीकडे असेल तर प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि वाचणाऱ्याला दर वेळी सुरुवात शोधावी लागते. चार ओळी निभतात, चरित्र निभत नाही. चित्र मधोमध ठेवून एकच ओळ त्याच्या दोन्ही बाजूंना फोडणं तर कधीच करू नका. अर्धं वाक्य महाराजांच्या डाव्या खांद्याशी आणि उरलेलं उजव्या खांद्याशी, हे कुणालाही वाचता येत नाही.

चित्रातला चेहरा मजकुराकडे वळलेला असला की पान बांधल्यासारखं वाटतं. म्हणून तोंड बाहेरच्या बाजूला असेल तर चित्र आडवं उलटवून घेण्याची पद्धत फ्लेक्सच्या कामात बोकाळली आहे. ते करू नका. उलटवलं की पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, वीणा हात बदलते आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. गावातल्या आजीच्या नजरेतून हे सुटत नाही. तोंड बाहेर असेल तर दुसरं चित्र शोधा. नाहीच मिळालं तर ते आहे तसं उजवीकडेच राहू द्या.

आता अभंगांबद्दल. चरित्राचा परिच्छेद चित्राभोवती खुशाल वळवा, पण अभंग वळवू नका.

गद्यात ओळ कुठे तुटली याने अर्थ बदलत नाही, म्हणून तिथे चित्राने ओळ तोडली तरी चालतं. अभंगाची ओळ अभंगानेच ठरवलेली असते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे. या छंदाचं लक्षण सांगणारा एक अभंग खुद्द नामदेवांच्या नावावर आहे, इतकं त्याचं माप त्या परंपरेला महत्त्वाचं होतं. तिसरा चरण निम्म्यात तोडून उरलेली अक्षरं चौथ्याच्या ओळीत ढकलली, तर यमक ओळीच्या पोटात जातं आणि पत्रिका हातात घेऊन म्हणणारा माणूस अडखळतो. सप्ताहाची पत्रिका म्हणायलाही असते हे विसरू नका.

अभंग चित्राशेजारी बसतच नाही असं नाही. उलट त्याच्यासाठी कुठलीही युक्ती लागत नाही. चरण मुळातच आखूड आहेत. प्रत्येक चरण वेगळ्या ओळीवर, डावीकडून सरळ लावा, उजवी कड मोकळी सोडा. चार अक्षरांचा शेवटचा चरण आपोआप मागे राहतो आणि दर कडव्याला कोपरासाठी किंवा वीणेच्या भोपळ्यासाठी जागा होते. चित्र थोडं वर-खाली सरकवून पाहा, बऱ्याचदा दोघं एकमेकांना बरोबर भेटतात. कीर्तनकारांची नावं, तारखा, अन्नदात्यांची यादी हीसुद्धा वळवू नका. ती सरळ तक्त्यात, चित्राच्या खाली. ‘आज कुणाचं कीर्तन’ हे उभ्या-उभ्या पाहायचं असतं.

काम छापखान्यात कोरलड्रॉवर होणार असेल तर तिथे ‘रॅप पॅराग्राफ टेक्स्ट’ ही तयार सोय आहे. ती फक्त पॅराग्राफ टेक्स्टला लागते, नुसत्या क्लिकने लिहिलेल्या आर्टिस्टिक टेक्स्टला नाही. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. चित्राला पांढरी पार्श्वभूमी असेल तर मजकूर चौकोनालाच वळसा घालतो. अशा वेळी चित्राभोवती बेझिअर टूलने विनारंगी रेषा काढून तिला रॅप लावा. पैसे न देता करायचं असेल तर इंकस्केपमध्ये मजकूर आणि आकार दोन्ही निवडून ‘फ्लो इंटू फ्रेम’ करा, किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये चित्राला ‘काँटूर’ रॅप द्या. गिंपमध्ये रेषेवरून अक्षरं नेता येतात, आकारात ओतता येत नाहीत.

छपाईला देताना जेपीजी नको, पीडीएफ द्या, म्हणजे अक्षरांच्या कडा धारदार राहतात. छापखान्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर जोडाक्षरं तिथे पुन्हा फुटतील, म्हणून एका वेगळ्या प्रतीत मजकुरावर ‘कन्व्हर्ट टू शेप’ करून ती पाठवा. मूळ फाइल जपून ठेवा. शेपमध्ये बदललेला मजकूर दुरुस्त करता येत नाही, आणि सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात एखादे कीर्तनकार बदलतातच.

प्रश्न : संगणक नव्हते तेव्हा जुन्या अंकांत चित्राभोवती ओळी कशा वळवत?
— एक वाचक, सेनगाव

उत्तर : खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत हे फार कष्टाचं होतं, म्हणून क्वचितच करत. चित्राचा ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, बहुधा चौकोनी. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, हातातल्या स्टिकची रुंदी कमी करून ब्लॉकशेजारच्या ओळी आखूड जुळवी आणि ब्लॉक संपला की पुन्हा पूर्ण रुंदीवर येई. म्हणून जुन्या मासिकांत मजकूर चित्राला काटकोनात वळसा घालताना दिसतो. तिरकी किंवा गोल कड हवी असेल तर प्रत्येक ओळीचं माप वेगळं काढून उरलेली जागा कोऱ्या शिशाने भरावी लागे. त्यात देवनागरीचे खिळे शेकड्यांनी. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही त्या प्रश्नात लक्ष घातलं होतं. प्रुफात एक शब्द बदलला की पुढच्या सगळ्या ओळी हाताने पुन्हा जुळवायच्या. तुमच्या शेजारच्या तालुक्यातल्या वाचकाला आज जो त्रास होतो आहे तोच, फक्त शिशाच्या वजनासह.

शिळाछापाची गोष्ट निराळी. दगडावर चित्र आणि अक्षर दोन्ही हातानेच उतरत असल्यामुळे ओळ हवी तशी वाकवता येई. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्याच्या शिळाछाप पोथ्या मिळाल्या तर पाहा. तुमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूची छपाई खिळ्यांपेक्षा शिळाछापावरच जास्त चाले. कातिब, म्हणजे सुंदर अक्षरात लिहिणारा लेखनिक, खास कागदावर लिही आणि तो मजकूर दगडावर उमटवला जाई. लिहितानाच नक्षीला जागा सोडणं त्याच्या हातात होतं. मराठवाड्यात घराघरांत जुन्या बाडांमध्ये उर्दू छापील कागद सापडतात. ते रद्दीत देण्याआधी त्यांच्या कडा एकदा निरखून पाहा, असं मी आग्रहाने सांगेन.

ऑफसेट आल्यावर मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, निघू लागला. मग कलाकार ब्लेडने एकेक ओळ कापून चित्राच्या कडेने डिंकाने चिकटवत असे. मांडणीची नजर मात्र त्याआधीपासून घडत होती. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेने चित्र आणि मजकूर यांच्या मांडणीकडे आपल्याला गंभीरपणे पाहायला शिकवलं. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, आणि एका चित्रकाराच्याच हातात अंक गेल्यावर पान कसं बदलतं ते मराठी वाचकांनी पाहिलं. दलालांचे जुने अंक एखाद्या सार्वजनिक वाचनालयात मिळाले तर चित्राशेजारी किती कोरी जागा सोडली आहे तेवढंच बघत जा.

प्रश्न : हळदीच्या पाकिटावर मधोमध चित्र आणि त्याभोवती गोलात आमच्या गटाचं नाव हवं आहे. इंग्रजी नाव छान बसतं, मराठी तुटतं. असं का?
— महिला बचत गटातील एक वाचक, वसमत

उत्तर : वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं आहे, तेव्हा पाकिटावरचं नाव नीट मराठीत असावं हा तुमचा हट्ट सोडू नका.

चित्राभोवती गोलात अक्षरं फिरवणं आपल्याकडे जुनं आहे. सातवाहन राजांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मस्तकाभोवती ब्राह्मी लिपीतली अक्षरं फिरतात. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांवरही चेहरा मध्ये आणि अक्षरं कडेने आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीने त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला ठसा उमटवून घेतला होता. ब्राह्मीची अक्षरं सुटी, त्यांना शिरोरेषा नाही. म्हणून ती वळणावर सहज बसतात, इंग्रजीसारखीच. शिवरायांच्या शिवराईवर मात्र देवनागरी अक्षरं सरळ ओळींत आहेत.

देवनागरीचा आधार वर असतो. वर्तुळाच्या वरच्या कमानीवर अक्षरं बसवली की त्यांची डोकी एकमेकांपासून दूर जातात आणि शिरोरेषेत फटी पडतात. खालच्या कमानीवर उलट होतं. डोकी एकमेकांत घुसतात, रेषा जाड दिसते आणि उकार फाकतात. सोपा उपाय म्हणजे वर्तुळ मोठं करा आणि नाव आखूड ठेवा. खालची कमान मोकळी सोडून नाव फक्त वरच्या अर्ध्या भागात द्या. एवढ्याने भागलं नाही तर कोरलमध्ये अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करून शिरोरेषेच्या जाडीची एक कमान वेगळी काढा आणि अक्षरांच्या डोक्यांवर बसवून वेल्ड करा. फटी बुजतात. हे हाताने करायचं काम आहे, तासभर लागेल, पण लोगो एकदाच होतो.

गटाचं नाव बारा-पंधरा अक्षरांहून मोठं असेल तर गोलाचा नाद सोडा, चित्राच्या खाली सरळ ओळीत द्या. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि अन्न परवाना क्रमांक कधीच वळवू नका. छापायला टाकण्याआधी लेबल खऱ्या मापात कागदावर काढा, भरलेल्या पाकिटावर गुंडाळा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा. पाकीट फुगलं की बाजूची अक्षरं मागे वळतात, आणि पडद्यावर मधोमध दिसणारं नाव दुकानाच्या फळीवर अर्धंच दिसतं.